आमच्या वाट्याला ठासणीचीच

शेतकऱ्यानं कसली बंदूक वापरावी हे या देशात कायद्यानं ठरवून दिलंय, हे किती जणांना ठाऊक आहे? १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याचं तेरावं कलम काढून बघा. स्वतःच्या संरक्षणासाठी किंवा खेळासाठी नागरिकाला गुळगुळीत नळीची बंदूक मिळेल, नळी वीस इंचांपेक्षा आखूड नको, असं त्यात लिहिलंय. आणि पीक राखायला? पीक राखायला ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा ठासायचं, मागं टोपी बसवायची आणि देवाचं नाव घेऊन बार काढायचा. एवढं होईपर्यंत डुक्कर भात खाऊन, ढेकर देऊन, नदीपलीकडं गेलेलं असतंय.

ठासणीनं भागत नाही अशी साहेबांची खात्री पटली, तर साहेब दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतात, अशी सवलत खाली जोडलीय. रायफलीचं नाव त्या ओळीत कुठंच नाही. ती पाहिजे असेल तर सबळ कारण दाखवा, आणि कारण सबळ का दुबळं ते साहेब ठरवणार. हा कायदा झाला त्याच्या आधी तीन वर्षं, १९५६ साली, तुर्भ्याला अणुभट्टी चालू झाली होती. देशाला अणू आणि शेतकऱ्याला ठासणी.

मी आजरा तालुक्यातला. दहावीपर्यंत शिकलो, पुढं नांगर धरला. आमच्याकडं घनसाळ भात होतो. शिजायला लागला की चार घरांत वास जातो. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचे बोर्ड लागलेत, शहरात एक-एक किलोच्या पिशवीतून विकला जातोय. चांगलंच आहे. पण त्या पिशवीपर्यंत पोचायच्या आधी त्या भाताला रानडुकराच्या पायाखालनं जावं लागतं. डुक्कर जेवढं खातंय त्याच्या दुप्पट तुडवतंय. दुधात आलेलं भात ते लोंब्या ओढून चघळतंय आणि मग तिथंच लोळतंय. सकाळी बघावं तर वाफ्यात रोड रोलर फिरवल्यागत. भुईमुगाचं तर विचारूच नका, मालकाच्या आधी यांची काढणी होते. एका वेताला पाच-सहा पिल्लं. मारणारा वाघ आमच्याकडं कधीमधी वाट चुकल्यासारखा येतो, बिबट्याला कुत्री सोपी पडतात. मग त्यांना आवरायचं कुणी? आम्हीच.

रानडुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्यानं परवानगी द्यावी अशी सोय त्याच्या अकराव्या कलमात आहे. ती परवानगी मी रीतसर काढतो. मी चोरून शिकार करणाऱ्यातला नाही, आणि हे आधीच सांगतो, कारण बंदुकीचं नाव काढलं की शहरातले पाहुणे माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागतात.

वडिलांच्या नावावर १२ बोअरची एकनळी होती, ती पुढं माझ्या नावावर झाली. पुण्याजवळ खडकीला सरकारी कारखाना आहे, तिथली शक्तिमान काडतुसं आम्ही वापरतो. ही बंदूक वाईट नाही. पण तिचं एक आहे. तीस-पस्तीस पावलांपर्यंत ती खरी, पुढं छर्रे पांगतात. अंधारात, बॅटरीच्या उजेडात डुक्कर तीस पावलांवर थांबतंय कुठं? साठ पावलांवर मारलं तर दोन छर्रे मांडीत, एक पोटात, आणि जनावर पळालं. ते मरतंय, पण तीन-चार दिवसांनी, कुणाच्या तरी उसात, तळमळून. आणि मरायच्या आधी कुणी त्याच्या अंगावर पाय टाकला तर ते सोडत नाही. आमच्या भावकीतली एक बाई असंच पाला काढायला उसात शिरली. आत जखमी डुक्कर. कुणी मारलेलं होतं देव जाणे. बाईच्या मांडीला सुळा लागला, गडहिंग्लजच्या दवाखान्यात बावीस टाके. आजही ती पाय ओढत चालते.

म्हणून रायफल. रायफलीची गोळी एकच असते आणि जिथं बघावं तिथं जाते. जनावर जागच्या जागी पडतं. ज्याला जनावराची दया आहे त्यानं तर रायफलीचीच बाजू घ्यायला पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर देतो. रायफलीची गोळी चुकली तर मैलभर आणि त्याहून पुढं जाते. वस्ती जवळ असते. बरोबर. पण आम्ही काय उभ्यानं आडवी गोळी सोडत नाही. शेतात माळा असतो, दहा-बारा फूट उंच. वरून खाली मारायचं. चुकली तर गोळी मातीत. हे मला आमच्या गावच्या एका निवृत्त सुभेदारांनी शिकवलं. मराठा लाइट इन्फंट्रीत ते चोवीस वर्षं होते. चोवीस वर्षं सरकारनं त्यांच्या हातात रायफल दिली, काश्मिरात दिली, आसामात दिली. गावात आले आणि अर्ज केला, तर सरकार विचारतंय, तुम्हाला हत्यार हाताळता येतं याचं प्रमाणपत्र जोडा. सुभेदार हसून म्हणाले, "तात्या, मी पोरांना शिकवत होतो, मला कोण प्रमाणपत्र देणार?"

तर मी रायफल शोधायला लागलो. आधी कोल्हापूर, मग पुणे. देशी रायफल म्हणजे .३१५ ची, बंगालात इशापूरच्या सरकारी कारखान्यात होते ती. तिची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. थ्री-नॉट-थ्री ही लष्कराची, ती साध्या माणसाच्या हातात द्यायची नाही असं इंग्रजांनी ठरवलं. म्हणून मग जवळपास तसलाच सांगाडा ठेवून बोअर तेवढा बदलला आणि .३१५ बाजारात आली. इंग्रज गेला, बोअर राहिला. माझ्या मेव्हण्याकडं ही रायफल आहे. मजबूत आहे, नाही म्हणत नाही. पण घोडा असा जड की ओढता ओढता नेम हलतो, आणि दुर्बीण बसवायची तर मिस्त्रीला गाठून सांगाड्याला भोकं पाडून घ्यावी लागतात. तिनं मेव्हण्यानं जेवढी डुकरं मारली त्यापेक्षा जास्त झाडं मारलीत.

मग दुकानदार हळूच विचारतो, "इंपोर्टेड बघायची का?" आणि किंमत सांगतो. मला ३०-०६ बोअरच्या एका जुन्या परदेशी रायफलीचे साडेपाच लाख सांगितले. साडेपाच लाख! म्हटलं, "ट्रॅक्टर पण देणार काय सोबत?" दुकानदार म्हणाला, "तात्या, हिच्यासारखी दुसरी आणून दाखवा, मी तुम्हाला सहा देतो."

त्याचं खोटं नव्हतं. १९८० नंतरच्या दशकात सरकारनं बाहेरून हत्यारं आणणं साध्या माणसाला बंद केलं. नावाजलेल्या नेमबाजांना मुभा आहे, बाकीच्यांना नाही. त्यामुळं त्याआधी जी आली तेवढीच देशात फिरतायत. संस्थानिकांची, इनामदारांची, चहामळेवाल्यांची, परदेशातनं परत आलेल्या डॉक्टरांची. चाळीस-पन्नास वर्षांची जुनी लोखंडं, आणि दर सालाला त्यांचा भाव वाढतोय. जमिनीसारखं झालंय, नवी तयार होत नाही. आता म्हणे वेब्ले अँड स्कॉट ही विलायतेतली कंपनी उत्तर प्रदेशात हरदोईला रिव्हॉल्व्हर करायला लागलीय. करू दे. रिव्हॉल्व्हर कमरेला लावून लग्नाच्या वरातीत मिरवायला बरं, डुकराला त्याचा काय उपयोग?

आणि बंद म्हणजे सगळ्यांना बंद होतं असं समजू नका. कस्टमनं पकडलेली परदेशी हत्यारं खासदारांना आणि तसल्या मोठ्या माणसांना विकायची पद्धत सरकारनं वर्षानुवर्षं चालवली. त्यातल्या किती जणांच्या भातात डुकरं शिरत होती, एवढं कुणीतरी एकदा संसदेत विचारायला पाहिजे होतं.

सुभेदारांच्या ओळखीनं बेळगावात एका रायफलीचा पत्ता लागला. बेळगाव म्हणजे त्यांचं दुसरं गाव, मराठ्यांचं सेंटर तिथं. जुन्या घरातल्या एक आजी, पंच्याऐंशीच्या पुढच्या. मालक जाऊन अकरा वर्षं झालेली. मालकांची रायफल एका दुकानात जमा होती, कारण परवानेवाला गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, दुकानात नाहीतर पोलिसात ठेवावं लागतं. आजी दर वर्षाला ठेवणावळ भरत होत्या. मुलगा बेंगलोरला, त्याला त्यात रस नव्हता.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं कपाटातनं काढून गाठोडं सोडलं. ब्रनोची, झेड-के-के ६००, बोअर ३०-०६. ब्रनो हे झेक लोकांचं गाव, आमच्याकडचे लोक सरसकट ब्रुनो म्हणतात. ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, पण लाकडाला एक चीर नव्हती. दुकानदारानं चिंधीनं नळी पुसली आणि उजेडाकडं धरली. आतले आटे असे चकाकत होते, जणू काल घासलेत. बोल्ट मागं ओढला तर आवाजसुद्धा आला नाही. नुसता सरकला, चांगल्या गाडीच्या बैलानं मान द्यावी तसा. सुभेदार गप्प उभे होते. मग म्हणाले, "तात्या, ही घ्याच." तिची काडतुसं आपल्या सरकारी कारखान्यात होतात, म्हणजे पोटाला घालायची पण चिंता नव्हती.

आजींनी सव्वादोन लाख सांगितले. म्हणाल्या, "मला जास्तीचे नकोत. ह्यांनी ती पोरासारखी सांभाळली. भिंतीवर टांगणाऱ्याला द्यायची नाही." मी हो म्हटलं. दोन म्हशी आणि एका सालाचे काजू, एवढा हिशेब मनात केला होता.

आता खरा खेळ बघा. बेळगाव आमच्या गावापासनं एसटीनं दोन-अडीच तास. कोल्हापूरलासुद्धा तेवढाच वेळ लागतो. पण मध्ये राज्याची हद्द. माझा परवाना महाराष्ट्रापुरता. म्हणजे मला माझ्या जिल्ह्यातनं खरेदीची परवानगी पाहिजे, परवान्यावर रायफलीची नोंद पाहिजे, आजींना त्यांच्या जिल्ह्यातनं विकायची परवानगी पाहिजे, आणि रायफल हद्दीवरनं आणायला वाहतुकीची वेगळी. विकणाऱ्यानं विकायचा इरादा आधी लेखी कळवायचा आणि ४५ दिवस थांबायचं, असाही कायदा आहे. तिथले कागद कानडीत, आमचे मराठीत, आणि दोन्हीकडचे साहेब एकमेकांना इंग्रजीत लिहिणार.

२०२३ ची दिवाळी झाली आणि मी अर्ज टाकला. सात-बारा, आठ-अ, तलाठ्याचा दाखला, नुकसानीचे पंचनामे, वनखात्याची परवानगी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, लोखंडी कपाटाचा फोटो. फोटोत कपाट उघडं दिसतंय म्हणून परत आला. बंद कपाटाचा दिला, तर आत काय आहे दिसत नाही म्हणाले. पोलीस स्टेशनातला हवालदार मात्र भला माणूस. त्यानं विचारलं, "तात्या, रायफल घेऊन काय वाघ मारणार हाईसा काय?" पण अहवाल चांगला लिहिला. पुढं तो अहवाल वर गेला आणि मुक्कामाला बसला. नियमात पोलिसांच्या अहवालाला मुदत आहे, साहेबांच्या निर्णयाला मुदत आहे. मुदत संपल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही.

मग १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. सगळे परवान्याचे विषय बंद. एवढंच नाही, माझी आहे ती एकनळीसुद्धा पोलिसात जमा. ४ जूनला निकाल लागला, त्यानंतर चार-पाच खेपा घातल्यावर परत मिळाली. पावसाळा गेला. भात पोटरीतनं बाहेर पडला, दुधात आला, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. परत बंदूक जमा करा. निकाल २३ नोव्हेंबरला. म्हणजे घनसाळ पिकायचा, कापायचा सगळा काळ माझी बंदूक पोलिसाच्या खोलीत आणि डुकरं माझ्या वाफ्यात. डुकरांना आचारसंहिता नाही. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करू नका, माणूस बघून ठरवा, असं कोर्टांनी एकदा नव्हे अनेकदा सांगितलंय. कागदावर छाननी समिती असते. आमच्याकडं छाननी म्हणजे फोन येतो, "तात्या, उद्या बंदूक घेऊन या."

या सगळ्यात माझ्या अर्जाला एक पत्र आलं. त्यात एकच ओळ होती, सदर शस्त्राची आवश्यकता स्पष्ट करावी. मी अडीच पानं लिहिली. घनसाळ लिहिला, छर्रे लिहिले, भावकीतल्या बाईचे बावीस टाके लिहिले. पुढच्या पत्रात विचारलं, परवान्यावर आधीच एक शस्त्र असताना दुसरं कशाला? अहो, कायदा दोन ठेवायला देतो. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन होती, तुम्हीच दोन केली. दोनातलं दुसरं मागतोय, चौथं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आजी गेल्या. मुलानं बेंगलोरहून येऊन एका दिवसात सगळं आवरलं. रायफल त्यानं दुकानदाराला विकून टाकली, दुकानदारानं दुसऱ्या राज्यातल्या दुकानदाराला. व्यापाऱ्याकडनं व्यापाऱ्याकडं जायला तिला महिनासुद्धा लागला नाही. सुभेदारांनी चौकशी केली तेव्हा कळलं, कुण्या बिल्डरनं फार्महाऊसवर लावायला नेलीय. कितीला नेली ते मी विचारलं नाही.

माझं एकट्याचं गाऱ्हाणं असतं तर मी हा कागद काळा केला नसता. मला रायफल मिळाली नाही म्हणून मी उपाशी मेलो नाही. पण रायफलीची वाट अशी काट्यांनी बुजवल्यावर लोक कुठल्या वाटेनं जातात ते सांगायला पाहिजे. तारेनं. विजेच्या खांबावर आकडा टाकायचा आणि उघडी तार शेताभोवती फिरवायची. तिला अर्ज नाही, सात-बारा नाही, पोलिसाचा अहवाल नाही, ४५ दिवस नाहीत. दोन-अडीचशे रुपयांत रातोरात काम. ती तार डुक्कर ओळखत नाही. पहाटे पाणी पाजायला गेलेला माणूस तिला सारखाच, बैल सारखाच, विदर्भात तर वाघसुद्धा सारखाच. दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते, डुकरासाठी लावलेल्या तारेला चिकटून अमक्याचा मृत्यू. कधी कधी लावणाऱ्याचाच. आमच्या शेजारच्या गावात चोवीस वर्षांचा पोरगा गेला, लग्नाला सहा महिने झाले होते. ज्यानं तार लावली तो त्याचा चुलता. तो आता जेलात, आणि घरात दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत.

तारेच्या खाली फासकी. मोटरसायलीच्या क्लच वायरची. त्यात बिबट्या अडकला की मग वनखात्याच्या गाड्या येतात, टीव्हीवाले येतात. आणि त्याच्याही खाली गावठी गोळे, दारू भरलेले, वरून चरबी लावलेली. डुकरानं चावला की जबडा उडतो. गाईनं चावला तरी उडतो. मी ते बघितलंय, लिहवत नाही.

झटका मशीन आहे की, म्हणतील. आहे. माझ्याकडंही आहे. गवत तारेला टेकलं की उतरतं, पावसात बॅटरी चार्ज होत नाही, आणि दुसऱ्या हंगामापर्यंत डुकराला कळतं की दणका बसतो पण मरण येत नाही. मग ते डोळे मिटून घुसतं. त्यानंही थोडं राखलं जातं, नाही असं नाही.

लिटन नावाच्या व्हाइसरॉयनं १८७८ साली हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही असा कायदा केला, गोऱ्याला त्यातनं सूट दिली. आपल्या पुढाऱ्यांना तेव्हा त्याचा राग होता. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्कसुद्धा घातला होता. स्वातंत्र्य आलं, गोऱ्यांची सूट गेली. पण रयतेवरचा संशय गेला नाही. तो १९५९ च्या कायद्यात तसाच ठासून भरला.

माझं मागणं फार नाही. पोत्यानं बंदुका वाटा असं मी म्हणत नाही, उलट ज्याला त्याला हत्यार दिलं तर काय होतं ते उत्तरेकडच्या वरातींत दिसतंच. पण ज्याच्या परवान्यावर वीस-पंचवीस वर्षांत एक डाग नाही, ज्याचं शेत जंगलाला लागून आहे, आणि ज्याचे पंचनामे तुमच्याच कपाटात पडलेत, त्याला चांगली रायफल घेऊ द्या. बाहेरनं आणायची तर आणू द्या, आणि ती शेतात ठेवायचीय हे बघूनच द्या. दुकानांतनं आणि पोलिसांच्या खोल्यांतनं मेलेल्या माणसांची जी हत्यारं गंजत पडलीत, ती हद्दीपलीकडच्या शेतकऱ्याला एका अर्जावर मिळू द्या. आणि त्या तेराव्या कलमातली ठासणी काढा.

ती काढायची नसेल, तर ज्यांनी ती तिथं ठेवलीय त्यांच्यापैकी कुणीही एकानं कार्तिकातली एक रात्र आमच्या माळ्यावर येऊन बसावं. गावातल्या एकाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे, तो पण बसेल सोबतीला. दारू आमची, छर्रे आमचे, ठासायचा गजही आमचा. रात्री भाकरी आणि झुणका मिळेल. अवकाळीचं काही सांगता येत नाही, छत्री तेवढी घेऊन यावी, कारण टोपी भिजली की बार होत नाही.